गणपतरावांचे तीन पडदे

वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’चा पहिला प्रयोग 23 डिसेंबर 1970 रोजी झाला. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’ची सावली असलेल्या या शोकांतिकेत डॉ. श्रीराम लागू गणपतराव बेलवलकर झाले.

मराठी पडद्याने मात्र 2016 पर्यंत वाट पाहायला लावली. महेश मांजरेकरांच्या चित्रपटात नाना पाटेकरांसमोर विक्रम गोखल्यांचा रामभाऊ उभा राहिला. मूळ नाटकात हा मित्र नाही. इस्पितळात दोघे कर्ण-कृष्णाचा प्रवेश रंगवतात आणि एकट्या नटाचं दुःख दोघांचं होतं. चित्रपटाची ही सर्वांत मोलाची भर.

2018 मध्ये गुजरातीत सिद्धार्थ रांदेरिया नटसम्राट झाले. 2023 च्या तेलुगू ‘रंगमार्तांड’मध्ये कृष्णवंशींनी प्रकाश राज यांना ही भूमिका दिली; मित्र झाले ब्रह्मानंदम. आयुष्यभर हसवणाऱ्या नटाने इथे रडवलं.

कॅमेरा चेहऱ्यावरची सुरकुतीही दाखवतो, पण स्वगताचा खरा कस लागतो समोर बसलेल्या माणसांपुढेच. तो कस पाहायचा तर गोंदिया जिल्ह्यातल्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, निमित्ताने रात्रभर नाटकं रंगतात. चित्रपट पाहिलेल्यांनी थंडीच्या दिवसांत अर्जुनी मोरगावच्या बाजूला एक रात्र तरी मांडवात जरूर बसावं.