डोक्याला मार लागून महिने उलटले, तरी चक्कर थांबेना? जाणून घ्या ‘टीएमएस’ उपचार

धुळे-जळगाव महामार्गावर दुचाकीवरून पडून डोक्याला मार लागला, की सीटी स्कॅन अनेकदा ‘नॉर्मल’ येतो. तरीही काहींची डोकेदुखी, चक्कर, विसराळूपणा तीन महिन्यांनंतरही जात नाही. अशा त्रासावर ‘टीएमएस’ या चुंबकीय उपचाराचा अभ्यास सुरू आहे.

यात काय करतात?
डोक्याजवळ तारेचे वेटोळे धरून त्यातून क्षणभर वीज सोडतात. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे मेंदूच्या वरच्या थरात सूक्ष्म प्रवाह निर्माण होतो. तत्त्व फॅरेडेचे, १८३१ सालचे. मेंदूवर ते १९८५ मध्ये शेफिल्डच्या अँथनी बार्कर यांनी वापरले. भूल लागत नाही, रुग्ण जागा असतो. हा ‘शॉक’ नव्हे.

गुण येतो का?
अमेरिकेच्या ‘एफडीए’ने २००८ मध्ये नैराश्यासाठी याला परवानगी दिली. डोक्याच्या मारानंतरच्या त्रासासाठी मात्र पुरावा अजून अपुरा आहे. अभ्यास लहान, निष्कर्ष संमिश्र.

काय काळजी घ्याल?
डोक्यात धातूची क्लिप, कॉक्लिअर इम्प्लांट, पेसमेकर किंवा फिट्सचा त्रास असेल तर आधीच सांगा. पैसे भरण्यापूर्वी मेंदूविकारतज्ज्ञांना विचारा: झोप, औषधे, तोल सावरण्याचे व्यायाम हे उपाय करून झाले का? आणि मार लागल्यावर वारंवार उलट्या किंवा गुंगी वाढल्यास थेट रुग्णालय गाठा.