हवामानबदलाची चिंता आणि आपली मुले

अवेळी पाऊस कोसळू लागला की वसतिगृहातील काही मुले रात्री अंथरुणात उठून बसतात. विचारले तर "काही नाही, सर" एवढेच म्हणतात. गावी सोयाबीनची कापणी होऊन पीक शेतातच पडले आहे, हे आम्हांला दुसऱ्या दिवशी कळते. 2016 साली लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. 2025 च्या सप्टेंबरमध्ये त्याच मराठवाड्यातील शेते पुराखाली गेली. एका मुलाच्या शालेय वयात मावणारा हा काळ आहे.

ही घालमेल आपल्याच मुलांची नाही. 2021 मध्ये भारतासह दहा देशांतील 16 ते 25 वयोगटातील दहा हजार जणांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी 59 टक्के हवामानबदलामुळे अतिशय चिंतित होते. ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ ग्लेन अल्ब्रेक्ट यांनी अशा एका वेदनेला 'सोलास्टॅल्जिया' हे नाव दिले. घरी राहूनही, भोवतालची भूमी पालटल्यामुळे घर हरवल्याचे दुःख, असा त्याचा आशय आहे.

हे दुःख म्हणजे आजार नव्हे. ज्याची भीती वाटते ते खरोखर घडत आहे. म्हणून "उगाच घाबरू नकोस, अभ्यासाकडे लक्ष दे" हे सांगणे निरुपयोगी ठरते. मूल गप्प होते, भीती मात्र राहते.

स्वीडनमधील संशोधक मारिया ओयाला यांनी मुलांच्या सामोरे जाण्याच्या तीन रीती नोंदविल्या आहेत : विषय दूर ठेवणे, उपाय करू पाहणे आणि परिस्थितीत अर्थ व आशा शोधणे. केवळ उपायांमागे लागलेली मुले अधिक खचलेली दिसली, कारण एवढा मोठा प्रश्न एकट्याने सुटत नाही. अर्थ व विश्वास यांची जोड मिळाली तेथे हा ताण सौम्य झाला.

म्हणून पालकांना आमचे सांगणे असे : प्रथम मुलाचे पूर्ण ऐकून घ्यावे. शेताची, कर्जाची स्थिती त्याला समजेल इतकी खरी सांगावी. लपविलेले संकट मुलांच्या कल्पनेत अधिक मोठे होते. पुराची तीच ती दृश्ये भ्रमणध्वनीवर पाहत बसू देऊ नये. बांधावर झाडे लावणे, विहिरीची पातळी नोंदविणे असे मर्यादित काम सर्वांनी मिळून करावे. त्याने हवामान बदलणार नाही. परंतु आपण एकटे नाही, ही जाणीव दृढ होईल. झोप व भूक दोन आठवडे हरपली, किंवा जगण्यात अर्थ नाही अशी भाषा मूल बोलू लागले, तर मात्र विलंब न करता डॉक्टरांकडे न्यावे. शासनाची 'टेलि-मानस' ही विनामूल्य सेवा 14416 या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. 1972 च्या दुष्काळात आपल्यापैकी अनेकांच्या आजी-आजोबांनी खडी फोडून घर जगविले. त्या काळाच्या अनुभवातून रोजगार हमी योजना विस्तारली आणि 1977 साली तिचा कायदा झाला. संकटातून माणसे केवळ वाचत नाहीत, पुढच्यांसाठी काही उभारूनही जातात, हे मुलांना पुस्तकापेक्षा आपल्या तोंडून अधिक पटेल. पुढील भेटीत खाऊबरोबर ही हकिकतही घेऊन यावे.