मंद दिव्यांच्या हॉटेलात फ्लॅशचे फोटो : मोहर्लीतील एक जोडधंदा

चंद्रपूर जिल्ह्यातील मोहर्ली हे ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचे सर्वांत परिचित प्रवेशद्वार आहे. ताडोबाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा १९५५ साली मिळाला व १९९५ साली व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. तेव्हापासून या गावाचे अर्थकारण बदलत गेले. गाईड, जिप्सीचालक, रिसॉर्टमधील नोकर अशी कामे येथील तरुणांना मिळाली. परंतु सफारी पहाटे आणि दुपारीच असते. संध्याकाळनंतरच्या वेळेत करता येण्याजोगा एक धंदा मात्र अजून दुर्लक्षित आहे. तो म्हणजे रिसॉर्टच्या भोजनगृहात जमलेल्या कुटुंबांचे फोटो काढणे.

नागपूर, चंद्रपूर, वर्धा, यवतमाळ येथून कुटुंबे आता केवळ वाघ पाहण्यासाठी येत नाहीत. आजी-आजोबांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस, नातवाचा पहिला वाढदिवस, परदेशातून आलेल्या मुलाची भेट अशी निमित्ते साधून वीस-पंचवीस माणसे एकत्र जेवायला बसतात. अशी सर्व माणसे पुन्हा कधी एका टेबलावर बसतील हे कोणी सांगू शकत नाही. त्यामुळे त्या रात्रीचा फोटो बिघडला तर तो दुसऱ्या दिवशी पुन्हा काढता येत नाही.

मोबाईल कोठे कमी पडतो?

प्रत्येकाच्या खिशात मोबाईल असताना फोटोग्राफरला कोण विचारणार, असा प्रश्न कोणीही करील. त्याचे उत्तर भोजनगृहाच्या उजेडात आहे. जंगलाचे वातावरण राखण्यासाठी अशा ठिकाणी दिवे पिवळे व मंद ठेवतात. मोबाईलचा फ्लॅश म्हणजे एक छोटा एलईडी दिवा. त्याचा उजेड एक-दोन मीटरच्या पलीकडे फारसा पोहोचत नाही. रात्रीच्या फोटोची सोय मोबाईलमध्ये असते, पण तिला समोरचा माणूस स्थिर लागतो. केक कापणारे मूल स्थिर राहत नाही. खऱ्या फ्लॅशचा झोत मात्र सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका किंवा त्याहूनही कमी वेळ टिकतो, म्हणून हलणारा माणूसही स्पष्ट येतो.

प्रकाशाचा हिशेब

फ्लॅशचे काम शिकताना पहिला नियम पाठ करावा. अंतर दुप्पट झाले की प्रकाश निम्मा होत नाही, तर चौथा हिस्सा होतो. लांब टेबलाच्या टोकाला उभे राहून फोटो घेतला, जवळचा पाहुणा १ मीटरवर आणि शेवटचा ४ मीटरवर असला, तर जवळच्यावर १६ पट जास्त प्रकाश पडतो. म्हणून जवळचा चेहरा पांढराफटक येतो आणि आजोबा अंधारात जातात. यावर उपाय सोपा आहे. टेबलाच्या लांब बाजूसमोर उभे राहावे आणि अलीकडच्या बाजूच्या मंडळींना उठवून पलीकडच्यांच्या मागे उभे करावे. पुढची रांग ३ मीटरवर आणि मागची ३.६ मीटरवर असली, तर फरक जेमतेम दीडपट राहतो व सर्व चेहरे सारखे येतात.

दुसरी गोष्ट म्हणजे गाईड नंबर. प्रत्येक फ्लॅशची ताकद या आकड्याने सांगतात. त्याला अंतराने भागले की अॅपर्चर मिळते. गाईड नंबर ३६ असेल, तर आयएसओ १०० वर ९ मीटरसाठी एफ ४ येते. आयएसओ ४०० केला की गाईड नंबर दुप्पट, म्हणजे ७२ धरावा. आजचे फ्लॅश हा हिशेब स्वतः करतात. परंतु पांढरे कुर्ते आणि पांढरा टेबलक्लॉथ समोर असला की ते फसतात व फोटो काळवंडतो. अशा वेळी फ्लॅशची ताकद एक पायरी वाढवावी. पाठीमागे काळोख असेल तर उलट होते. चेहरे जास्त उजळतात, म्हणून एक पायरी कमी करावी.

छत पाहून काम करावे

शहरातील फोटोग्राफर फ्लॅश वर वळवून पांढऱ्या छतावर मारतात. छतावरून परतलेला प्रकाश पसरट व मऊ असतो. जंगलाकडील रिसॉर्टमध्ये मात्र छत बऱ्याचदा लाकडी, कौलारू किंवा बांबूचे आणि उंच असते. असे छत प्रकाश शोषून घेते आणि उरलेला तपकिरी करून परत पाठवते. त्यामुळे काम घेण्यापूर्वी दिवसा एकदा जागा पाहून यावी. छत कामाचे नसेल तर जवळची पांढरी भिंत शोधावी. तीही नसेल तर मदतनिसाच्या हाती थर्माकोलचा पांढरा तक्ता द्यावा व त्यावर फ्लॅश मारावा.

फ्लॅश लेन्सच्या अगदी जवळ असला की डोळे लाल येतात. अंधारात बाहुल्या मोठ्या झालेल्या असतात व डोळ्याच्या मागील रक्तवाहिन्यांवरून प्रकाश सरळ लेन्समध्ये परततो. फ्लॅश उंच किंवा बाजूला नेला की हा दोष जातो. चष्मे, खिडकीच्या काचा आणि चकचकीत भांडी यांच्यासमोर सरळ उभे न राहता थोडे तिरके उभे राहावे.

दिव्यांची शोभा राखावी

नुसत्या फ्लॅशने फोटो काढला तर मागे काळोख येतो. ग्राहकाने ज्या वातावरणासाठी पैसे मोजले तेच फोटोतून नाहीसे होते. म्हणून आयएसओ १६००, एफ ४ आणि शटर सेकंदाचा तिसावा भाग येथून सुरुवात करावी व पहिला फोटो पाहून फेरफार करावा. मागचे दिवे दिसतात आणि आयएसओ जास्त असल्याने फ्लॅशला थोडीच ताकद लागते; सेलही जास्त टिकतात. फ्लॅशचा प्रकाश दिवसासारखा पांढरा आणि भोजनगृहाचे दिवे पिवळे, यामुळे चेहरे निळसर दिसतात. फ्लॅशवर नारिंगी जिलेटिन कागद लावावा व कॅमेऱ्याचा व्हाईट बॅलन्स बल्बवर ठेवावा, म्हणजे दोन्ही रंग जुळतात.

भांडवल व व्यवहार

सुरुवात जुन्या कॅमेऱ्याने केली तरी चालते. मात्र फिल्मच्या काळातील जुना फ्लॅश तपासल्याशिवाय डिजिटल कॅमेऱ्यावर चढवू नये. त्यांपैकी काहींचा ट्रिगर व्होल्टेज इतका जास्त असतो की कॅमेऱ्याचे सर्किट जळू शकते. चार्ज होणाऱ्या सेलचे दोन संच जवळ बाळगावेत.

रिसॉर्टच्या व्यवस्थापकाची परवानगी आधी घ्यावी आणि दर, फोटोंची संख्या व ते देण्याची मुदत कागदावर लिहून घ्यावी. महिलांचे व लहान मुलांचे फोटो घरातील मंडळींना विचारूनच घ्यावेत. येथे कायद्याची एक बाब फार थोड्यांना ठाऊक असते. १९५७ च्या कॉपीराईट कायद्याच्या कलम १७ नुसार, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, ग्राहकच असतो. म्हणून कोणाच्या कुटुंबाचा फोटो आपल्या जाहिरातीसाठी वापरायचा असेल तर तशी लेखी संमती घ्यावी. ज्या धंद्यात लोक आपल्या घरची माणसे आपल्यासमोर बसवतात, तेथे विश्वास हेच खरे भांडवल असते.

हंगामाचाही विचार करावा. जुलै ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांत गाभा क्षेत्रातील सफारी बंद असते व दर मंगळवारीही ती बंद ठेवली जाते. या काळासाठी चंद्रपूर, भद्रावती येथील घरगुती कार्यक्रमांची कामे धरून ठेवावीत.

फ्लॅश भोजनगृहातच ठेवावा

जंगल व फ्लॅश यांचे नाते जुने आहे. वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी १९२० च्या दशकात उत्तरेकडील जंगलात वाटेवर तार लावून, वाघाचा पाय पडताच फ्लॅश उडेल अशी योजना केली व रात्रीच्या वाघांचे फोटो मिळवले. आज वाघांच्या मोजणीसाठी जंगलात कॅमेरा ट्रॅप लावतात, त्यामागे हीच कल्पना आहे. परंतु ते वनखात्याचे काम आहे. पर्यटकांना वन्यप्राण्यांवर फ्लॅश मारण्यास मनाई असते. उघड्या हिरवळीवर जेवण असेल तेव्हा फ्लॅशचे तोंड झाडीकडे किंवा तलावाकडे कधीही करू नये. जंगलामुळेच पाहुणे येतात आणि पाहुण्यांमुळे हा धंदा चालतो, याची जाणीव मोहर्लीच्या तरुणाला कोणी करून देण्याची गरज नाही.

ज्याला हे काम करायचे आहे त्याने आधी आपल्याच घरी, रात्री एकच पिवळा दिवा लावून, घरच्या माणसांचे शंभर फोटो काढावेत. अंतर, छत आणि रंग यांचा हिशेब हाताला बसला की मगच पहिल्या ग्राहकाकडून पैसे घ्यावेत.