परळच्या कारखान्याचे काय करायचे?

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याकडे पहिली आगगाडी निघाली हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते; परंतु धावणारे प्रत्येक इंजिन ठरावीक मुदतीने खोलून, झिजलेले भाग बदलून पुन्हा उभे करावे लागते, आणि त्यासाठी केवढा तरी व्याप रुळांपासून दूर सांभाळावा लागतो, याची वास्तपुस्त प्रवासी सहसा करीत नाही. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने हा व्याप आरंभी भायखळ्यास मांडला होता. १८७९ साली तो परळला आला, आणि आजच्या मध्य रेल्वेचा परळ कारखाना तो हाच.

वाफेचे इंजिन ही मोठी कष्टसाध्य वस्तू. पाण्यातील क्षारांचे पुट चढून बॉयलरच्या नळ्या निकामी होत, अग्निपेटीचे पत्रे तडकत, आणि चाकांवरची पोलादी धाव झिजली की बदलावी लागे. बैलगाडीच्या चाकावर धाव चढविणारा गावचा लोहार ज्याने पाहिला असेल त्याला ही क्रिया नव्याने सांगायला नको: कडे तापवून फुगवायचे, त्यात चाक उतरवायचे, आणि निवता निवता ते आपोआप आवळून बसते. मात्र येथे कडे आधी कातून चाकापेक्षा केसभर लहान राखावे लागे. हा फरक कमी पडला तर कडे ढिले होई, अधिक झाला तर तडके. शेवटी कारागीर हातोडीने ठोकून कान देई: खणखणीत वाजले तर ठीक, बद्द वाजले तर काम पुन्हा.

या साऱ्या खटाटोपाचे मूळच पुढे नाहीसे झाले. १९७० साली चित्तरंजनच्या कारखान्यातून ब्रॉडगेजचे अखेरचे वाफेचे इंजिन बाहेर पडले, त्याचे नावच ‘अंतिम सितारा’. वाफेची जागा डिझेलने घेतली, आणि विद्युतीकरणाच्या झपाट्यात आता डिझेलचाही अंमल सरत आला आहे. मग जुन्या कारखान्याची किंमत त्यातील कामावरून न ठरता त्याच्या पायाखालच्या जमिनीवरून ठरू लागते. परळच्या जागेवर लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी टर्मिनस उभारण्याची तजवीज निघाली आणि कामगारांनी तिला विरोध केला, तो याच क्रमाने. मुंबईच्या प्रवाशाची अडचण खोटी आहे असे कोणी म्हणणार नाही. पण दीडशे वर्षांच्या संचिताचा निकाल केवळ चौरस फुटांच्या हिशेबाने लागावा काय?

इंग्लंडातील स्विंडनचा कारखाना १८४३ साली सुरू झाला. ब्रिटिश रेल्वेचे अखेरचे वाफेचे इंजिन, ‘ईव्हनिंग स्टार’, १९६० साली तेथेच तयार झाले, आणि १९८६ साली कारखान्याला कायमचे टाळे लागले. इमारती वाचल्या, हे त्या लोकांचे श्रेय. एका भागात २००० साली सुंदर संग्रहालय उघडले, दुसऱ्या भागात त्याआधीच कपड्यालत्त्यांची बाजारपेठ थाटली होती. कामगारांनी स्वतः स्थापन केलेल्या, वाचनालय चालविणाऱ्या संस्थेची वास्तू मात्र ओसच पडून राहिली. आपल्याकडेही फिनिक्स गिरणीचे धुराडे मॉलच्या आवारात उभे आहे; ते पाहून गिरणी समजते असे मला तरी वाटत नाही.

म्हणून मला जमालपूरचा दाखला अधिक पटतो. बिहारमधील तो कारखाना १८६२ सालचा, पण काम बदलत बदलत तो चालूच राहिला. परळलाही टर्मिनस झालेच, तरी एक जुनी शेड चालती ठेवता येईल. १९०७ साली सुरू झालेल्या माथेरानच्या छोट्या गाडीची इंजिने परळच्या कारागिरांच्या हातांखालून गेली आहेत. ती दुरुस्ती तेथेच, लोकांना पाहता येईल अशा रीतीने चालावी, आणि नव्या उमेदवारांनी ती जुन्या मिस्त्रींजवळ शिकावी.

त्याआधी यंत्रांची, नकाशांची आणि दप्तरांची खातेवार मोजदाद झाली पाहिजे. एकदा लिलाव पुकारला गेला की काय होते आणि काय गेले हे सांगायलाही कोणी उरत नाही. आणि ज्या वाचकांच्या घरी वडिलांचे वा आजोबांचे हजेरीचे बिल्ले, हत्यारे किंवा खात्यातील छायाचित्रे असतील, त्यांनी ती कृपा करून भंगारवाल्याच्या हवाली करू नयेत.