येमेनच्या भांडणात मुंबईची इंटरनेट केबल का अडकली?

अंधेरीच्या वर्सोवा किनाऱ्यावर वाळूखालून परदेशी इंटरनेट केबल मुंबईत शिरतात. युरोपकडच्या बऱ्याच केबल तांबड्या समुद्रातून येतात. तिथे युद्ध पेटलं की काय होतं, हे २०२४ मध्ये दिसलं.

१८ फेब्रुवारीला हुथींच्या क्षेपणास्त्राने 'रुबीमार' हे मालवाहू जहाज निकामी झालं. खलाशी उतरले, जहाज भरकटलं. त्याच्या फरफटत गेलेल्या नांगरानेच तीन केबल तुटल्या, असं मानलं जातं. ईआयजी, सीकॉम-टीजीएन आणि एएई-१. तिन्ही मुंबईला जोडलेल्या. वाहतूक दुसऱ्या केबलवर वळवल्याने आपलं नेट बंद पडलं नाही, एवढंच.

दुरुस्तीला येमेनची परवानगी हवी होती. पण कुठल्या येमेनची? राजधानी सना हुथींकडे, तर जगाने मान्यता दिलेलं सरकार एडनमध्ये. त्या सरकारने दोन केबलना होकार दिला, एएई-१ला अडवलं. कारण तिच्या भागीदारांत टेलियेमेन ही कंपनी आहे आणि युद्धात तिचेही दोन तुकडे झालेत. एक सनात, एक एडनमध्ये. म्हणजे भांडण केबलचं नव्हतंच, टेलिफोन कंपनी कोणाची याचं होतं!

आणि कायदा? समुद्री केबलच्या संरक्षणाचा १८८४चा पॅरिस करार आहे. पण युद्धात लढणाऱ्या देशांना तो बांधून ठेवत नाही, असं त्यातच लिहिलंय. एएई-१ जोडली जायला जुलै उजाडला.