ब्रोमाइड आणि घरचें मीठ



गेल्या महिन्यांत कळंबला चिंतामणीच्या देवळाकडे जात असतां एका शेजाऱ्यांनीं मला थांबविलें. "मास्तर, पावांत ब्रोमाइड असतें म्हणे. तें अंगांतून काढावयास मीं मीठ सोडलें आणि आयोडिनाचे थेंब घेतों." गृहस्थ चांगले शिकलेले, पण उपाय नेमका उलटा! म्हणून आज हा विषय.

ब्रोमिन हें मूलद्रव्य १८२६ सालीं बालार या फ्रेंच रसायनज्ञानें खाऱ्या पाण्यांतून शोधून काढलें. त्याचें क्षाररूप तें ब्रोमाइड. आपल्या मिठांतील क्लोराइडचें हें सख्खें भावंड. मूत्रपिंडांस या दोघांतील भेद फारसा उमगत नाहीं. धर्मशाळेंत क्लोराइडचे यात्रेकरू थोडे आले, तर ब्रोमाइड तेथेंच मुक्काम ठोकतें; मीठ व पाणी पुरेसें असलें, म्हणजे गर्दीबरोबर तेंही मूत्रावाटें बाहेर पडतें. एरव्हीं शरीरांतलें ब्रोमाइड निम्में होण्यास सुमारें १२ दिवस लागतात. मीठ तोडल्यास त्याहून अधिक. विषबाधा झाल्यास डॉक्टर शिरेंतून मीठपाणी देतात, तें याचसाठीं.

आयोडिनाचें काय? उंदरांना भरपूर ब्रोमाइड चारल्यास त्यांच्या कंठग्रंथींतील आयोडीन घटतें, हें प्रयोगांत दिसलें आहे. परंतु आयोडीन घेतल्यानें माणसाच्या अंगांतील ब्रोमाइड लवकर निघतें, हें सिद्ध झालेलें नाहीं. क जीवनसत्त्वाचीही तीच गोष्ट. उलट जादा आयोडिनानें कंठग्रंथीच बिघडूं शकते.

पावाची भीति मात्र अगदींच निराधार नव्हती. कणीक फुगावी म्हणून तींत पोटॅशियम ब्रोमेट घालीत; अन्नसुरक्षा प्राधिकरणानें जून २०१६ मध्यें तें बंद केलें. भट्टींत त्याचें बहुतेक ब्रोमाइडच होतें. खरें भय मागें उरणाऱ्या ब्रोमेटाचें, कारण त्यापासून कर्करोग संभवतो.

रोजच्या अन्नांतून ब्रोमाइड जातें तें कांहीं मिलिग्रॅम. बाधा होण्यास तें ग्रॅमच्या मापानें, आठवडेच्या आठवडे पोटांत जावें लागतें. २०२५ सालीं अमेरिकेंतील एका साठ वर्षांच्या गृहस्थाची हकीकत वैद्यकीय नियतकालिकांत आली. संगणकाशीं झालेल्या प्रश्नोत्तरांनंतर त्यानें मिठाऐवजीं तीन महिने सोडियम ब्रोमाइड खाल्लें. शेजारी आपणांस विष घालतो असा त्याला भ्रम झाला, आणि तीन आठवडे रुग्णालयांत काढावे लागले.

आमच्या शेजाऱ्यांना मीं मीठ पूर्ववत् सुरू करा म्हणणार, तोंच त्यांना रक्तदाबाचा विकार असल्याचें कळलें. तेव्हां मास्तरकी आवरून त्यांना डॉक्टरांकडे धाडलें. थेंबांची बाटली तेवढी ठेवून घेतली.