अंगणवाडी सेविका आणि पदवीचे शिक्षण

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तेव्हापासून गावातीलच एखादी शिकलेली सून किंवा लेक अंगणवाडीचा भार वाहत आली आहे. पूर्वी सेविकेला दहावी पुरत असे. २०२३ पासून राज्यात नव्या नेमणुकीसाठी बारावीची अट आली. मुख्य सेविका व्हायचे तर पदवी हवी. म्हणून वीस वर्षे केंद्र चालविलेल्या भगिनीही पुन्हा पुस्तक हाती घेत आहेत.

यात संकोच कसला? अनुताई वाघ यांचा जन्म १९१० चा. तेराव्या वर्षी विवाह व काही महिन्यांतच वैधव्य. शिक्षिकेची नोकरी सांभाळून रात्रशाळेतून त्या १९३७ साली मॅट्रिक झाल्या. १९४५ साली ताराबाई मोडक यांच्यासोबत बोर्डीस गेल्या, पुढे कोसबाडला आदिवासी मुलांत रमल्या, आणि १९६१ साली, वयाच्या ५१ व्या वर्षी, पदवीधर झाल्या. बालशिक्षणात ज्यांचा शब्द प्रमाण मानावा, त्याच बाई परीक्षेला बसल्या होत्या!

नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून बाबासाहेबांच्या सिद्धार्थ महाविद्यालयात १९४६ पासून सकाळचे वर्ग भरत, हे आपण जाणतोच. खेड्यातील स्त्रीसाठी ती वाट १९८९ साली नाशिकला स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने रुंद केली. पुस्तके घरी वाचायची, जवळच्या अभ्यासकेंद्रावर मार्गदर्शनास जायचे, परीक्षा द्यायची.

वेळ मात्र कुठून आणायचा? सकाळी मुले, आहार, वजन-उंची, नंतर मोबाईलवर माहिती भरणे, मग घर. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडे तर ऊसतोडीला कुटुंबे निघाली की मुलांची नोंदच बदलते. अशा वेळी घरच्यांनी एक वेळचा स्वयंपाक उचलला तरी अभ्यासाला दोन तास मिळतात. तरुण विद्यार्थ्यांनी ऑनलाईन अर्ज भरून द्यावा. हे काम त्यांना मिनिटांचे, सेविकेला दिवसाचे.

बारावी राहिली असेल तर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा देता येते. तो परीक्षेच्या कितीतरी महिने आधी भरावा लागतो. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचे नाव व आधारवर सासरचे, ही अडचण बहुतेकींना येते. तेव्हा विवाह नोंदणीचा दाखला किंवा नावबदलाचे राजपत्र आधीच काढून ठेवावे.